वाड्यावरच्या मुलीची शाळा

रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं आहे: "भातं कापून झाली की आमच्या शिवारात देशावरून धनगरांचे वाडे उतरतात. शाळेच्या वयाची पोरं दिसतात. मुलगे कधीमधी खिडकीशी येऊन उभे राहतात, एखादा आत येऊन बसतोही. मुली मात्र फिरकत नाहीत. दोनदा वाड्यावर जाऊन आले. आईबाप 'धाडतो की' म्हणाले, पण एकही आली नाही. गावात सगळे म्हणतात, त्यांना शिकायची आवडच नाही. हे खरं आहे का? आणि मी नेमकं काय करू?"

ताई, तुमच्याकडे जे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या बिऱ्हाडांचे तळ, उतरतात ते आमच्याकडून निघतात. सातारा जिल्ह्यातल्या फलटण आणि माण तालुक्यांत मी ३१ वर्षं शिक्षिकेची नोकरी केली, त्यातली शेवटची ९ केंद्रप्रमुख म्हणून. तुम्हाला जी मुलगी कळशी घेऊन बांधावरून जाताना दिसते, तिचं नाव बहुतेक वेळा आमच्याकडच्या एखाद्या शाळेच्या पटावर असतं आणि तिथल्या बाई रोज तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत असतात. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर वाटलं, सविस्तरच लिहावं.

आवडीचं आधी सांगते. वाडा निघतो तेव्हा म्हातारी गावातल्या घरी राहते आणि शाळेत जाणारा मुलगा तिच्यापाशी ठेवतात. त्याच्या दाण्यागोट्याची सोय करतात, जाताना शाळेत येऊन "जरा लक्ष असू द्या" म्हणून सांगतात. ज्याला शिक्षणाचं काही नाही तो माणूस एवढं करत नाही. पण त्याच मुलाची वर्षा-दीड वर्षाने मोठी बहीण वाड्याबरोबर घाट उतरते. माझी पहिली १० वर्षं मीसुद्धा याला नुसता "मुलगा-मुलगी भेद" म्हणत होते. भेद आहेच, नाकारत नाही. पण तेवढं म्हणून आपण थांबलो तर पुढे करायला काही उरत नाही. भाषण तेवढं देता येतं, आणि भाषणं त्या आयांनी खूप ऐकली आहेत.

मला उमगलं ते एका रात्री. नीरा नदीच्या काठी एका वाड्यावर मुक्कामाला राहिले होते. सात बिऱ्हाडं होती. पहाटे अंधारातच बाप्ये उठले, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, सोडली आणि खांडवी, म्हणजे मेंढरांचे कळप, घेऊन निघाले. मागे बायका, म्हातारी माणसं, पोरं आणि कोकरं. त्या दिवशी मुक्काम हलवायचा होता. घोडीवर आधी बाजलं, त्यावर घोंगडी, पिठाचं गाठोडं, भांडी, गुंडाळलेली वाघर, डालग्यात कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर एक तान्हं. हे सगळं आई लादत होती तेव्हा तिची ९ वर्षांची मुलगी काय करत होती ते मी बघत बसले. तिने पाणी आणलं. लहान भावाला कडेवर घेऊनच चुलीतली राख सारली. सुटलेली कोकरं दोनदा वळवून आणली. मग ती कोकरं हाकत, भाऊ कडेवर, ती चार-पाच किलोमीटर चालली. नव्या जागी आईने घोडी उतरवली आणि हिने तीन दगड मांडून काटक्या गोळा केल्या. भाकरी झाल्यावर आई ती घेऊन खांडव्याकडे गेली आणि वाड्यावर ही पोर एकटी राहिली: भाऊ, एक तान्हं आणि चौदा कोकरं सांभाळायला. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून गेले होते. तोवर ती एकदाही टेकली नव्हती.

आपली शाळा साडेदहाला भरते.

ती मुलगी शाळेत गेली असती तर तो सगळा दिवस मोडला असता. आई भाकरी घेऊन जाऊ शकली नसती, किंवा तान्हं पाठीला बांधून गेली असती आणि कोकरांकडे बघायला कुणी राहिलं नसतं. एक कोकरू कुत्र्याने नेलं तर त्या घराचं हजारोंचं नुकसान. दहा वर्षांचा मुलगा वाड्यावर असला तरी एवढ्या कामाचा नसतो. तो बापामागे मेंढरं चारायला जातो, तिथे त्याच्यावाचून फारसं अडत नाही. म्हणून तो आजीजवळ राहू शकतो. मुलीवाचून मात्र अडतं. आई "धाडतो की" म्हणते ते खोटं नसतं. रात्री तिच्या मनात तसंच असतं आणि सकाळी घोडी लादताना ते जमत नाही.

तेव्हा ताई, मुलीच्या शाळेची वाट तिच्या कडेवरच्या मुलापासून सुरू होते. माझ्या सगळ्या नोकरीतून एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगेन. आधी त्या मुलाला जागा करा.

ते कसं करायचं? तीन ते सहा वर्षांचं भावंड असेल तर अंगणवाडी आहे. तिथे त्याला ताजा शिजवलेला आहार मिळतो आणि त्यासाठी ते मूल त्या गावचं असायला हवं असं काही नाही. अंगणवाडीताईंना आधी भेटा. त्यांच्या मनात धाकधूक असते की यादीत नाव नाही, मग हिशोबात कसं दाखवू. पर्यवेक्षिकेशी त्यांचं एकदा बोलणं करून दिलंत की हा प्रश्न सुटतो. तीन वर्षांखालच्या मुलांची अडचण खरी आहे. त्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, पण त्यांना दिवसभर ठेवून घेणारं तिथे कुणी नसतं, आणि आपल्या खेड्यांत पाळणाघर म्हणून काही नाही. मी केलं ते असं की मुलीला भावंडासकट वर्गात येऊ दिलं. एका शाळेत व्हरांड्याच्या दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. मूल झोपलं की बहीण आत, रडलं की बाहेर. सहकाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, एकाने "ही शाळा आहे की पाळणाघर" असंही विचारलं. आठवड्याभरात वर्गातल्या बाकीच्या मुली आळीपाळीने झोळीला झोका देऊ लागल्या. त्या हंगामात त्या वाड्यावरच्या चार मुली आल्या. आदल्या तीन वर्षांत एक आली नव्हती.

कोकरांचं तुम्ही काही करू शकत नाही, ते वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलून ठरवायचं. प्रत्येक वाड्यावर एखादा म्हातारा-म्हातारी असतेच. सगळ्या बिऱ्हाडांची कोकरं एकत्र करून एकाने राखली तर चार मुली मोकळ्या होतात. हे मी सुचवलं की म्हातारी माणसं कधी नाही म्हणत नाहीत, आणि त्यांनी हो म्हटलं की सुनांना बळ येतं. म्हणून वाड्यावर जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, दुपारी तिथे निर्णय घेणारं कुणी नसतं. दिवेलागणीला जा, खांडवी आत आल्यावर. आणि बापाशी बोलायच्या आधी सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. चहा देतील, तो घ्या. तुमच्याकडचे काही जण घेत नाहीत, आणि ते त्यांच्या लक्षात राहतं.

आता आपल्या बाजूच्या अडचणी. त्या मला जास्त बोचतात, कारण त्या आपण दूर करू शकतो.

पहिली, ही मुलगी सरकारच्या नजरेला पडतच नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली होती, तुम्हाला आठवत असेल. पुढे २०२२ साली 'मिशन झिरो ड्रॉपआउट'ची शोधमोहीमही ५ ते २० जुलै अशी झाली. जुलैत वाडे कुठे असतात? आमच्याकडे, घरी. पावसाआधी घाट चढून ते परत आलेले असतात आणि त्या पंधरा-वीस दिवसांत मुलगी खरोखर वर्गात बसलेली असते. तिची नोंद 'शाळेत आहे' अशी होते. खरं तर नियमाने सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असतं, म्हणजे डिसेंबरात मोजलं असतं तर यातली जवळजवळ प्रत्येक मुलगी त्या यादीत आली असती. मी हे दोनदा लेखी कळवलं. मोजणीची तारीख काही बदलली नाही. तुम्ही एवढं करा की डिसेंबर-जानेवारीत तुमच्या शिवारातल्या मुलींची यादी बनवून केंद्रप्रमुखांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. कागद नसेल तर त्या मुली नाहीतच असं धरलं जातं.

दुसरी, प्रवेश. बऱ्याच मुख्याध्यापकांना अजून वाटतं की दाखला नाही, आधार नाही, वर्ष अर्धं संपलं, तर कसं घेणार. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि या मुलींसाठी लागणारं सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. शिवाय असं उशिरा आलेलं मूल १४ वर्षांचं झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क संपत नाही. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्यातही घ्यावंच लागतं. आणि स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्यावरच टाकली आहे. हे मुख्याध्यापकांपुढे वाद म्हणून मांडू नका. पानं झेरॉक्स करून टेबलावर ठेवा, वाचतात ते.

वयानुरूप प्रवेशाचं मात्र जपून करा. दहा वर्षांच्या मुलीला चौथीत नाव घालून चौथीच्या बाकावर बसवलं आणि तिला अक्षर येत नाही, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि पहिलीच्या पोरांत बसवलं तर लाजेने येत नाही. मी तिला चौथीच्या मुलींशेजारी बसवायचे आणि वाचायला वेगळं द्यायचे. सुरुवात हिशोबाने करायची, अक्षराने नव्हे. या मुली हिशोबात आपल्या मुलींपेक्षा पुढे असतात. संध्याकाळी आत आलेल्या दीडशे मेंढरांत एक कमी आहे हे त्यांना न मोजता कळतं. खतासाठी कुणाच्या रानात किती रात्री मेंढरं बसवली, त्याबद्दल शेतकऱ्याने तांदूळ किती दिले, पैसे किती, हे सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं असतं. फळ्यावर तेच उदाहरण घातलं की आपल्या गावच्या मुलांआधी त्यांचा हात वर होतो. त्या एका तासाने मुलगी टिकते. अक्षरं मग येतात.

तिसरी अडचण रजिस्टरची. यावर थोडं थांबते, कारण हे काम बाहेरून क्षुल्लक दिसतं आणि माझ्या मते शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या चांगल्या-वाईटात हे फार वर येतं. पहिलीत नाव घालताना जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि जात आपण लिहितो. वाड्यावरच्या मुलांची जन्मतारीख बरेच जण डोळे झाकून १ जून टाकतात. वर्ष अंदाजाने. मुलाच्या बाबतीत पुढे त्रास होतो तो नोकरीत. मुलीच्या बाबतीत वर्षाचा घोळ थेट लग्नाशी जाऊन भिडतो: सतरा वर्षांची मुलगी कागदावर एकोणीसची असेल तर तिचं लग्न कुणीही थांबवू शकत नाही. म्हणून आईला विचारा, ही कुठल्या मुक्कामाला झाली, कुठल्या यात्रेच्या आसपास, त्या साली पाऊस कसा होता. वाड्यावरच्या बाया तारीख सांगत नाहीत, पण मुक्काम कधीच चुकत नाहीत. त्यावरून महिना निघतो.

जातीचा रकानाही तसाच. आमच्या एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात एका मुलीच्या नावापुढे कुणीतरी 'मेंढपाळ' लिहिलं होतं. मेंढपाळ हा धंदा झाला. जातीचं प्रमाणपत्र काढायची वेळ आली तेव्हा घरात शिकलेली ती पहिलीच, बापाचा दाखला नाही, आजोबांचा नाही. भटक्या-विमुक्तांना, त्यांत धनगरही आले, २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा मागतात. त्या तारखेला तिचे आजोबा कुठल्यातरी माळावर वाघर लावत होते, त्याचा कागद कोण देणार? मी तिच्याबरोबर तहसील कचेरीच्या सात खेपा घातल्या. शेवटी भावकीतल्या एका चुलत आजोबांची नोंद सापडली आणि काम झालं. आज तुम्ही रजिस्टरात 'धनगर' असं नीट, खाडाखोड न करता लिहिलंत, तर चाळीस वर्षांनी तिच्या नातीचा तोच पुरावा असेल. प्राथमिक प्रवेशाला जातीचं प्रमाणपत्र लागत नाही, तेव्हा त्यासाठी मुलीला परत पाठवू नका. लिहा मात्र नीट.

योजनांबद्दल थोडक्यात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या या मुलींना पहिली ते चौथी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला. तेव्हा त्याला काही किंमत होती. आज एका कोकराच्या औषधालाही वर्षाचा भत्ता पुरत नाही, आणि तो हजेरीवर मिळतो, म्हणजे सहा महिने कोकणात असलेल्या मुलीला तसाही मिळत नाही. पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, ती घ्यायला लावा. पण योजनेच्या पैशाने मुलगी येईल अशी आशा ठेवू नका, माझ्या पाहण्यात एकही आली नाही.

चौथीचा वर्ग संपतो तिथे खरा उतार लागतो. लहान गावांत शाळा चौथीपर्यंत, पुढची तीन किलोमीटरवर. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास आहे, तोही अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. चौंडीच्या धनगराच्या घरात १७२५ साली जन्मलेली मुलगी, तिच्या नावाचा पास, आणि धनगराच्या वाड्यावरच्या मुलीला तो वापरता येत नाही, कारण पास एका गावाहून एका शाळेपर्यंतचा असतो आणि हिचं गाव दर चार दिवसांनी बदलतं. मला याचं फार वाईट वाटतं. आमच्या आगारात मी विचारलं होतं. व्यवस्थापक चांगला माणूस होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

मग उरतं वसतिगृह किंवा आश्रमशाळा. या मुलींसाठी शेवटी हाच मार्ग आहे असं मीही मानते, फक्त घाई करू नका. माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका हुशार मुलीला मी तिच्या आईच्या मनाविरुद्ध, बापाला पटवून, दूरच्या एका वसतिगृहात घातलं. तिथे पहिल्याच दिवशी उवा आहेत म्हणून तिचे केस बारीक कापले. महिन्याने आई भेटायला गेली, पोरीला बघून दारातच खाली बसली आणि त्याच पावली तिला घेऊन आली. तो वाडा पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आईचं बरोबरच होतं. तिला न विचारता तिच्या मुलीच्या अंगाला हात लावला होता, आणि तिच्या लेखी तो हात माझा होता. तेव्हापासून मी मुलीला घालायच्या आधी आईला तिथे नेते. झोपायची जागा, न्हाणीघर, दाराची कडी, रात्री कोण बाई असते, सगळं तिला बघू देते. आणि एकटी मुलगी कधीच घालत नाही, एका वाड्यावरच्या दोघी-तिघी एकत्र. सहावीपासून पुढे कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ज्या तालुक्यात आहे तिथे जरूर विचारा. मुलींचीच निवासी शाळा म्हटल्यावर आया लवकर तयार होतात.

आजी गावात धडधाकट असेल तर मात्र वसतिगृहापेक्षा आजी बरी. मुलगा ठेवता तशी मुलगीही ठेवा, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. त्यावर एका आईने दिलेलं उत्तर असं: "पोरगं उपाशी झोपलं तर भूकंच लागंल. पोरीचं तसं हाय का, बाई?" म्हातारीला रात्री दिसत नाही, घर गावाच्या कडेला, शौचाला लांब जायचं. तिचं भय मी खोडून काढू शकले नाही. आम्ही त्या वस्तीवर ग्रामपंचायतीकडून संडास आणि एक दिवा करून घेतला. पुढच्या वर्षी तिथे दोन मुली आजीजवळ राहिल्या.

लग्नाचंही मूळ तिथेच आहे. मुलगी बारा-तेराची झाली की वाड्यावरच्या आईची झोप उडते. त्यांच्या घराला दार नसतं. उघड्या शिवारात, अनोळखी गावाशेजारी मोठी होणारी मुलगी घेऊन ती रोज रात्री झोपते. लग्न लावलं की जबाबदारी दुसऱ्याची, एवढा सरळ विचार असतो तो. २००६ च्या कायद्याने १८ च्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, गावपातळीवर ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ वर फोन करता येतो. वेळ आली तर फोन कराच, मीही केला आहे. पण नुसत्या तक्रारीने पुढच्या वर्षी वाडा तुमचं गाव टाळून जातो आणि बाकीच्या मुलीही हातच्या जातात. शाळेत टिकलेल्या मुलीचं लग्न आपोआप लांबतं हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की माझा सगळा जोर दहाव्या ते बाराव्या वर्षावर असतो. चौदाव्या वर्षी भांडायला गेलो की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

धनगरांखेरीज दुसऱ्याही लोकांची पालं तुमच्याकडे पडत असतील. वडार, कैकाडी, नंदीवाले, पारधी, मरीआईवाले. त्यांच्या मुलींची अडचण काही बाबतीत याहून अवघड आहे. धनगराची मुलगी निदान मराठी बोलते. वडारांची घरातली बोली तेलुगूच्या जवळची, कैकाडींची तमिळच्या, पारध्यांची गुजरातीच्या वळणाची. पहिलीच्या पुस्तकातला एक शब्द तिच्या घरातला नसतो, आणि आपण तिला मंद म्हणतो. आणि संशय. १८७१ च्या कायद्याने यातल्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला, वर्गातून गेला नाही. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं ते बघा. एकदा दप्तर उघडलं की ती मुलगी संपली, परत येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते सोलापूरकडचे, नाथपंथी डवरी गोसावी. त्यानंतर कितीतरी पालांवरच्या माणसांनी गावात शिरणंच सोडलं, आणि जिथे बापाला शिरायची भीती तिथे मुलीला कोण पाठवील? अशा पालांवरच्या मुलींना पहिले काही दिवस तुम्ही स्वतः आणायला जा, आणि गावाला दिसेल असं त्यांच्याबरोबर चालत या.

आता मी मुलींबरोबर द्यायचे त्या वहीचं सांगते. सरकारी शिक्षण हमी पत्रक आहे, स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला देतात. आमच्या शाळा दिवाळीआधी ते द्यायच्या, पण तो सुटा कागद घोडीवरच्या गाठोड्यात भिजतो, फाटतो. म्हणून त्याच्या जोडीला मी दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही द्यायला लागले. पहिल्या पानावर मुलीचं नाव, आमची शाळा, बाईंचा फोन नंबर, आणि काय येतं काय येत नाही ते चार ओळींत. त्याखाली एवढंच: "ही मुलगी आपल्याकडे येईल तितके दिवस शिकवा आणि कुठपर्यंत आलं ते इथे लिहा." पहिल्या वर्षी अकरा वह्या दिल्या. जूनमध्ये सहा परत आल्या. त्यातल्या तिघींच्या कोऱ्याच होत्या. दोघींच्या वहीत एकेका शाळेने लिहिलं होतं. एकीच्या वहीत तीन वेगवेगळी अक्षरं होती: पेण, रोहा, माणगाव. रोह्याच्या गुरुजींनी लिहिलं होतं, "हातच्याची वजाबाकी येते. जोडाक्षरं घ्यावीत." आमच्या बाईंनी १६ जूनला जोडाक्षरांपासून सुरुवात केली. ती मुलगी पुढे दहावी झाली. आज ती स्वतः अंगणवाडीत मदतनीस आहे.

तुमच्याकडच्या मुलींपाशी अशी वही नसेल तर तुम्ही सुरू करा. घरच्या शाळेचं नाव आई सांगेल. तिथे फोन करून हजेरी कळवत जा, म्हणजे तिकडे नाव कमी होणार नाही. आणि वाडा उठायच्या आदल्या संध्याकाळी एक चक्कर माराच. आपण पुढे कुठे जाणार हे बायकांना नेहमी माहीत नसतं. ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसली आहेत त्याला विचारा. पुढचं रान बहुधा त्याच्याच सोयऱ्याचं असतं, आणि ठरलेलं असतं. गाव कळलं की तिथल्या शाळेत फोन करा. मुलीचं नाव सांगा, बरोबर भाऊ असेल हेही सांगा, आणि झोळीला एक खांब मोकळा ठेवायला सांगा.